न हलणारा पाळणा

होम मैदानावर रात्री साडेबाराला
चाक थांबतं.
सगळ्यात वरच्या डब्यातली शेवटची किंकाळी
खाली उतरते, चपला शोधते,
भज्यांच्या गाड्याकडे निघून जाते.

मी चोवीस डब्यांचे नट चाचपतो,
एकेक. अंधारात बोटांनाच दिसतं.
मग तोच पान्हा घेऊन
आमच्या ट्रेलरमध्ये चढतो.

चौदा फूट लांब, सहा फूट रुंद.
पत्रा बार्शीचा, चाकं विजापूरच्या कुठल्याशा ट्रकची.
वर एक फळी, आम्हा दोघांची.
शिवलीला मधे झोपायची,
सव्वा वर्षाची होईपर्यंत.

बार्शीला ती पडली त्या फळीवरून.
आवाज फार झाला नाही,
पीठाची पिशवी ठेवावी तेवढाच.
भुवईवरचं टेंगूळ आधी बोराएवढं,
उजाडेपर्यंत लिंबाएवढं.
महानंदा रात्रभर काही बोलली नाही.
सकाळी चहा ओतता ओतता एवढंच :
"लोकांच्या लेकरांना साखळी लावता की ओ तुम्ही
डब्यात बसवताना."

तेव्हापासून मी मापं घेतो.
आधी खालच्या अंगाला वेगळी फळी ठोकली.
फळी आणि पत्र्यामधे मूठभर फट राहिली.
मूठ घालून बघितली, मग झोपच उडाली :
अशा फटीतून अंग जातं,
डोकं जात नाही.

फळी काढून टाकली.
बिछाना सरळ जमिनीवर,
भिंतीपासून हातभर लांब,
चारी बाजूंना चौकट, चौकटीला जाळी,
पोरं उड्या मारतात त्या जाळीचा जुना तुकडा, ताणून.
उशी नाही. तिची कापडी गोमही नाही,
ती खुंटीवर लटकून सगळं बघते.
गॅसची टाकी बाहेर.
जनरेटर पार पलीकडे, धुराचं तोंड उलटं,
आणि खिडकी चार बोटं उघडी,
जानेवारी असली तरी.

नरसम्मा कोंडा पाळण्यात पहिल्यांदाच बसली,
तीस वर्षं मागावर काढून.
डोळे मिटून बसली, मिटूनच उतरली,
दुसऱ्या दिवशी चादर घेऊन आली.
पोपटी, मोराची, स्वतःच्या मागावरची.
"सोलापुरात येऊन लेकरू उघडं झोपवता व्हय ओ?"

चादर जड होती, चांगली चादर असते तशी.
महानंदानं ती हातात तोलली,
शिवलीलाला स्वेटरवर स्वेटर घातला,
पायात मोजे,
आणि चादर गादीवरून ताणून
कडा खाली खोचून टाकल्या, एक सुरकुती न ठेवता.
"अंगावर नको, आजी. तोंडावर ओढते ती.
अंगाखाली."

नरसम्मा बघत राहिली.
मोरावर उताणं पडलेलं लेकरू,
दोन्ही मुठी कानाजवळ.
म्हणाली, मागाशेजारी झोळी बांधून
तीन पोरं वाढवली मी.
थोडं थांबून म्हणाली,
झाली चार होती.
मग पदरानं हात पुसले, कोरडेच होते,
आणि गेली.

सोमवारी आम्ही अक्कलकोटकडे निघणार.
ट्रेलर चालता असताना आत कुणी झोपायचं नाही,
हा नियम माझा नाही, महानंदाचा आहे.
ती आणि पोर एसटीनं येतील.
मी टेम्पोत एकटा, मागे रिकामी जाळी खडखडत.

आत्ता चाकांना दोन्हीकडून दगड लावलेत.
दाराची कडी वर, तिच्या हाताला न लागेल अशी.
मी फळीवर झोपत नाही हल्ली,
जाळीला पाठ लावून बसतो,
पाठीला तिचा श्वास लागतो न लागतो.

बाहेर वारा सुटलाय.
दिवसभर अख्खं सोलापूर झुलवलेला पाळणा
उगाच थोडा करकरतो.
आतला हलत नाही.
मी चौकट धरून एकदा हलवून बघतो.
मग पान्हा शोधतो,
आणि अजून एकदा.